कॉन्फिग.सिसमध्ये एक ओळ टाकली आणि मशीन उठेना

भोसरी-चाकणकडच्या लहान वर्कशॉपांत, मार्केट यार्डातल्या एखाद्या अडतीच्या पेढीवर किंवा वजनकाट्याच्या केबिनीत अजूनही डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रणालीवर, चालणारे कॉम्प्युटर आहेत. कुणी हौसेनं ठेवलेले नाहीत. लेथला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर, काट्याचा आकडा सीरियल पोर्टवरून वाचणारं सॉफ्टवेअर, नव्वदच्या दशकात कुणीतरी फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहून दिलेलं खातं, हे दुसरीकडे चालत नाही आणि लिहून देणारा आता सापडत नाही. ही मशीनं मी बरीच वर्षं सांभाळतोय. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काही केलं नाही हो, फक्त एक ओळ टाकली."

ती ओळ कुठल्या फाइलीत टाकली हे विचारावं लागत नाही. कॉन्फिग.सिस नाहीतर ऑटोएक्झेक.बॅट. पहिली फाइल डॉस उठताना वाचतो आणि त्यावरून मेमरी कशी वाटायची, कोणते ड्रायव्हर (मेमरी किंवा एखादं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) घ्यायचे ते ठरवतो. दुसरी त्यानंतर चालते आणि रोजची मांडामांड करते. (इथे सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.)

लक्षणं

खालीलपैकी एखादं दिसत असेल तर पुढचं वाचा:

- "स्टार्टिंग एमएस-डॉस..." येतं आणि तिथेच कर्सर लुकलुकत राहतो.
- "अनरेकग्नाइज्ड कमांड इन कॉन्फिग.सिस" आणि त्याखाली "एरर इन कॉन्फिग.सिस लाइन ७" असं काहीतरी येतं.
- "बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर" म्हणून मशीन थांबतं.
- मशीन उठतं, पण रोजचा प्रोग्राम "प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी" किंवा "टू मेनी फाइल्स ओपन" म्हणतो.
- काल चालणाऱ्या आज्ञेला आज "बॅड कमांड ऑर फाइल नेम".
- "आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस".
- "पॅक्ड फाइल इज करप्ट". फाइल मात्र धडधाकट असते.
- बदल केला, सेव्ह केला, रीस्टार्ट केलं, आणि फरक शून्य.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त वेळ खातं. कारण माणसाला वाटतं आपली ओळ चुकली, म्हणून तो दुसरी टाकतो, मग तिसरी. मी पोचेपर्यंत फाइलीत एकाच कामाच्या चार ओळी झालेल्या असतात.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहिली आहे का ते बघा. हसू नका. "नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर" हा निरोप आला की दहातल्या निम्म्या वेळा आत जॉबची फ्लॉपी अडकलेली असते. मशीन आधी फ्लॉपीवरून उठायला बघतं, तिच्यावर डॉस नसतो, म्हणून ते तक्रार करतं. हार्ड डिस्कपर्यंत ते गेलेलंच नसतं. मी एकदा भर पावसात तीस किलोमीटर जाऊन फक्त बटण दाबून फ्लॉपी बाहेर काढली आहे. चहा झाला, पैसे मागायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून हे फोनवरच विचारतो.

मग तारीख बघा. प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या ओळीवर, 'डेट' टाइप करा किंवा मशीन सुरू होताना सेटअपमध्ये (मशीनच्या मूळ नोंदींच्या पडद्यात) शिरून बघा. १९८० साल दिसलं तर मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली आहे. याचा कॉन्फिग.सिसशी काय संबंध? जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे आकडे त्या बॅटरीवरच टिकून असतात. बॅटरी गेली की मशीन डिस्क ओळखत नाही, आणि नेमकं आदल्या दिवशी कुणी फाइल उघडलेली असली की दोष त्याच्या माथी जातो. पेंटियमच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर नाण्यासारखी सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची. कुठल्याही घड्याळजीकडे मिळते. बदलण्याआधी सेटअपमधले डिस्कचे आकडे कागदावर उतरवून घ्या, तेवढं विसरू नका.

पण बॅटरी नाण्यासारखी नसून बोर्डाला सोल्डर केलेली, पिंपाच्या आकाराची, ३.६ व्होल्टची असेल, आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसत असेल, तर तिथेच थांबा. ते निकेल-कॅडमियम गळलेलं आहे आणि ते तांब्याच्या रेघा खातं. ते काम सोल्डरिंग येणाऱ्याचं आहे, आणि जितका उशीर तितका बोर्ड आत जातो.

एफ५ आणि एफ८

ही तपासणीही फुकटच, पण सगळा निकाल हिच्यावर लागतो. डॉस ६ किंवा पुढचा असेल तर "स्टार्टिंग एमएस-डॉस..." दिसताक्षणी एफ५ दाबा. डॉस दोन्ही फाइली ओलांडून सरळ प्रॉम्प्टवर येतो.

आला, तर डिस्क ठीक आहे, डॉसही ठीक आहे, दोष त्या दोन फाइलींतच आहे. नाही आला, तर फाइलींना हात लावण्यात अर्थ नाही. खालच्या 'कधी थांबायचं' या भागाकडे वळा.

एफ५नं उठलं की पुन्हा रीस्टार्ट करा आणि या वेळी एफ८ दाबा. आता कॉन्फिग.सिसची एकेक ओळ दाखवून मशीन हो की नाही विचारतं. वाय दाबत जा. ज्या ओळीला वाय म्हटल्यावर मशीन गोठलं, ती ओळ. पुढच्या वेळी तिला एन म्हणा आणि बाकी सगळ्यांना वाय. मशीन उठलं तर चोर सापडला. दहा मिनिटांचं काम आहे. तरी लोक आधी फाइल उघडून अंदाजानं ओळी पुसतात, ते का, मला अजून कळलेलं नाही.

डॉस ५ वर हे चालणार नाही, तिथे बूट फ्लॉपी, म्हणजे डॉस घातलेली फ्लॉपी, लागते. विंडोज ९८ असेल तर सुरू होताना एफ८ किंवा कंट्रोल दाबून धरलं की मेनू येतो, त्यात ओळीगणिक विचारण्याचा पर्याय असतो.

एफ५नं उठलेल्या मशीनमध्ये पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) लागलेला नसतो, म्हणून नुसतं 'एडिट' टाइप केलं तर "बॅड कमांड ऑर फाइल नेम" येईल. घाबरू नका, पूर्ण पत्ता द्या: सी:\डॉस\एडिट. तेही नाही म्हणालं तर सी:\डॉसमध्ये क्यूबेसिक.ईएक्सई आहे का बघा. डॉस ५ आणि ६ मधला एडिट हा स्वतंत्र प्रोग्राम नाही, तो क्यूबेसिकच्या, म्हणजे डॉससोबत येणाऱ्या बेसिक भाषेच्या प्रोग्रामच्या, पोटात बसलेला आहे. डिस्कवर जागा करायची म्हणून कुणीतरी क्यूबेसिक उडवतं, आणि वर्षभरानं एडिट का चालत नाही म्हणून विचारतं.

उघडण्याआधी प्रत

कॉपी कॉन्फिग.सिस कॉन्फिग.ओके

ऑटोएक्झेकचीही तशीच. त्याच प्रती फ्लॉपीवरही टाका. डॉट मॅट्रिक्स जोडलेला असेल तर 'टाइप कॉन्फिग.सिस > पीआरएन' करून कागदावर काढा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मी सांभाळतो त्या प्रत्येक मशीनच्या पोटात असा कागद आहे. डिस्क गेली तरी कागद जात नाही.

फाइल सेव्ह होत नसेल, "ॲक्सेस डिनाइड" येत असेल, तर ती केवळ-वाचन केलेली असते. 'ॲट्रिब -आर कॉन्फिग.सिस' करा. ती 'डिर'मध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, दिसतच नसेल तर -एच आणि -एस ही काढा.

एका वेळी एकच बदल करायचा आणि रीस्टार्ट करायचं. आणि ओळ पुसायची नाही, तिच्या आधी 'रेम' आणि एक जागा टाकायची. डॉस मग ती ओळ वाचून सोडून देतो. उद्या परत लागली तर रेम काढला की झालं.

बदल केला पण फरक नाही

याची कारणं मी आजवर पाच पाहिली आहेत.

एक, भलतीच फाइल उघडली. डॉस फक्त सी ड्राइव्हच्या मुळातली कॉन्फिग.सिस वाचतो. सी:\डॉसमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल असू शकते. तिच्यात कितीही कोरलं तरी वाचणार कुणी नाही. विंडोज ९५ चढवलेल्या मशीनवर जुनी फाइल कॉन्फिग.डॉस या नावानं पडलेली असते आणि जुना डॉस निवडून उठलं की नावांची अदलाबदल होते, तिथे गोंधळ आणखी वाढतो.

दोन, फाइल दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर नेऊन नोटपॅडमध्ये सुधारली. नोटपॅडनं तिला मागे .टीएक्सटी लावलं आणि नव्या विंडोजनं ते शेपूट लपवलं. फ्लॉपीवर कॉन्फिग.सिस दिसते, असते मात्र कॉन्फिग.सिस.टीएक्सटी. युनिकोडमध्ये सेव्ह झाली असेल तर आणखी वाईट. सुरुवातीला न दिसणारी चिन्हं येतात आणि पहिलीच ओळ डॉसला ओळखू येत नाही. एन्कोडिंगमध्ये अँसी निवडा, किंवा सरळ जुन्या मशीनवरच काम करा.

तीन, वर्डस्टार हा जुना लेखनाचा प्रोग्राम. जुन्या कारकुनांची बोटं अजून वर्डस्टारवरच चालतात. त्यात 'डी' दाबून फाइल उघडली की ती डॉक्युमेंट होते आणि काही अक्षरांत जास्तीची खूण घुसते. पडद्यावर सगळं सरळ दिसतं, डॉसला मात्र काही कळत नाही. कॉन्फिग उघडायची तर 'एन', म्हणजे नॉन-डॉक्युमेंट.

चार, कंट्रोल-झेड. हे जरा गमतीचं आहे. डॉसमध्ये मजकूर संपल्याची एक खूण असते, कंट्रोल-झेड. 'कॉपी'नं दोन फाइली जोडल्या की ती खूण शेवटी बसते. नंतर एखाद्या इन्स्टॉलेशननं त्याखाली ओळी जोडल्या, तर डॉस खुणेपाशीच थांबतो आणि खालच्या ओळी त्याच्या लेखी नसतातच. ओळखायचं कसं? 'टाइप कॉन्फिग.सिस' केल्यावर दिसणारा मजकूर आणि 'डिर'मध्ये दिसणारी फाइलची साइज यांचा मेळ बसत नाही. पाच ओळी दिसतात आणि साइज दोन हजार बाइट. तेव्हा 'टाइप कॉन्फिग.सिस > कॉन्फिग.नवी' करा (शेपूट कुठलंही तीन अक्षरी द्या). नव्या फाइलीत खुणेपर्यंतच्याच ओळी येतील. राहिलेल्या हातानं टाइप करा आणि मग नावं बदला.

पाच, मशीन घाईनं बंद केलं. ऑटोएक्झेकमध्ये स्मार्टड्राइव्ह (डिस्कचा मजकूर मेमरीत धरून काम वेगानं करणारी कॅश) असेल तर तो लिहायचं काम थोडं मागे ठेवतो. डॉस ६.० मध्ये तर प्रॉम्प्ट आधी येतो आणि डिस्कवर लिहिणं नंतर होतं. सेव्ह करून लगेच बटण दाबलं, किंवा वीज गेली, की बदल गेला, कधी फाइलही गेली. ६.२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही सवय बदलली. तुमच्याकडे ६.० असेल तर बंद करण्याआधी 'स्मार्टड्रव्ह /सी' टाइप करा. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे मी लिहिण्याची कॅश सरळ बंद ठेवतो. काम थोडं मंदावतं, पण खातं शाबूत राहतं.

ओळींचा क्रम आणि अक्षरं

"एरर इन कॉन्फिग.सिस लाइन ७" आलं तर सातवी ओळ बघा, दुसरीकडे शोधू नका. नव्वद टक्के वेळा चूक अक्षराची असते. तिरप्या रेघांत लोक नेहमी फसतात. फोल्डरसाठी उलटी रेघ (\), पर्यायांसाठी सुलटी (/).

मी साधारण ही मांडणी ठेवतो:

डिव्हाइस=सी:\डॉस\हिमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=६०
बफर्स=२०
शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:१०२४ /पी

हिमेम (१ एमबीच्या वरची मेमरी उघडून देणारा ड्रायव्हर) सगळ्यात आधी, कारण त्याच्याशिवाय ईएमएम३८६ ला (६४० केबी ते १ एमबी या पट्ट्यात ड्रायव्हर बसवू देणाऱ्याला) उभं राहायला जमीनच नाही. आणि ईएमएम३८६ नसेल तर खाली 'डिव्हाइसहाय' लिहिलेले ड्रायव्हर वर न जाता मुकाट्यानं खालच्याच मेमरीत बसतात. चूक म्हणून काही येत नाही, फक्त प्रोग्रामला जागा उरत नाही. 'डॉस=' ची ओळ कुठेही चालते, तिचा क्रम जुळवत बसू नका.

फाइल्सचा आकडा दिला नाही तर डॉस ८ धरतो. फॉक्सप्रोचं खातं एका वेळी तक्ते आणि त्यांच्या अनुक्रमणिका मिळून वीस-तीस फाइली सहज उघडतं, मग "टू मेनी फाइल्स ओपन". क्लिपर या तशाच खात्यांसाठीच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामची आणखी एक खोड आहे. त्याला हा आकडा ऑटोएक्झेकमध्येही 'सेट क्लिपर=' अशी ओळ घालून सांगावा लागतो, आणि दोन्हींत जो लहान तोच लागू होतो. कॉन्फिगमध्ये ६० चे १०० करून थकलेले लोक मी पाहिले आहेत, अडचण दुसऱ्याच फाइलीत होती.

शेलच्या ओळीत /ई म्हणजे एन्व्हायर्नमेंटची, पाथसारख्या नोंदी ठेवायची, जागा. न सांगता ती २५६ बाइट असते आणि पाथ लांबला की भरते. /पी विसरलात तर ऑटोएक्झेक चालतच नाही. मशीन उठतं, पण पाथ नाही, काही नाही, आणि साध्या साध्या आज्ञा "बॅड कमांड" म्हणतात. कमांड.कॉमचा पत्ता चुकला की मात्र "बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर". एफ५नं उठून पत्ता दुरुस्त करा.

"बॅड कमांड ऑर फाइल नेम" फक्त काही प्रोग्रामांसाठीच येत असेल तर पाथची ओळ मोजा. डॉसच्या एका ओळीत १२७ अक्षरंच मावतात. नवीन सॉफ्टवेअर आपलं फोल्डर पाथमध्ये जोडत जातं आणि शेवटची नावं कापली जातात. न लागणारी फोल्डरं काढून टाका.

मेमरी: ६४ एमबी असून जागा नाही म्हणतं

मालकाचा हा प्रश्न ठरलेला, आणि रास्त. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता आणि त्याला एकूण १ एमबीच पत्ते कळत. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) यांसाठी राखून ठेवले, खाली उरले ६४० केबी. साधे डॉस प्रोग्राम अजून त्या ६४० मध्येच चालतात. वर ६४ एमबी असो की १२८.

म्हणून 'मेम /सी /पी' चालवा आणि शेवटाकडची "लार्जेस्ट एक्झिक्युटेबल प्रोग्राम साइज" ही ओळ वाचा. तुमच्या प्रोग्रामला किती लागते हे त्याच्या जुन्या पुस्तिकेत असतं, नसेल तर ५६० केबीच्या वर मोकळी असली की बहुतेकांचं भागतं. कमी असेल तर त्याच यादीत कोण किती जागा अडवून बसलंय ते दिसतं. सीडीचा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार एमएससीडीईएक्स मिळून तीस-चाळीस केबी सहज खातात. सीडी वर्षानुवर्षं कुणी लावलेली नसते. दोघांपुढे रेम टाका. 'डॉस=हाय' नसेल तर ते घातल्यावर डॉसचा चाळीसेक केबीचा भाग वर जातो.

डॉस ६ सोबत येणारा मेममेकर हे सगळं आपोआप करतो. मला तो फारसा आवडत नाही. जागा काढतो, पण ओळींत इतके आकडे घुसवतो की नंतर हातानं काही बदलणं अवघड होतं. त्याचं काम बिघडलं तर 'मेममेकर /अनडू', जुन्या फाइली त्यानं .यूएमबी शेपटानं ठेवलेल्या असतात.

ईएमएम३८६ च्याच ओळीवर मशीन गोठत असेल तर बहुधा एखादं कार्ड, नेटवर्कचं किंवा स्कॅझीचं (डिस्क वगैरे जोडायचं), वरच्या ३८४ केबीतली तीच जागा वापरत असतं. ओळीच्या शेवटी 'एक्स=' लिहून ती पट्टी वगळता येते, पण पत्ता कार्डाच्या पुस्तिकेत बघून घ्यावा, अंदाजानं नाही. पुस्तिका नसेल तर ईएमएम३८६ पुढे रेम टाका. प्रोग्राम तेवढ्यात बसला तर तसंच राहू द्या.

राहिलं "पॅक्ड फाइल इज करप्ट". यात फाइल खराब नसते. जुन्या काळी आवळून बांधलेले काही प्रोग्राम अगदी तळाच्या ६४ केबीत सुरू झाले की उलगडताना चुकतात. पूर्वी तिथे डॉस बसलेला असायचा. तुम्ही तो वर पाठवला, तळ मोकळा झाला आणि चूक उघडी पडली. प्रोग्रामच्या नावाआधी 'लोडफिक्स' टाइप करून चालवा. जागा जास्त झाली म्हणून बिघडलेला प्रोग्राम मालकाला समजावणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

एका मशीनवर दोन प्रोग्राम आणि दोघांच्या गरजा उलट, असं असेल तर फाइल रोज बदलू नका. डॉस ६ मध्ये कॉन्फिग.सिसमध्येच मेनू करता येतो. सुरू होताना १ किंवा २ निवडायचं. पण हे सगळं नीट चालल्यावर करायचं काम आहे, दुरुस्ती चालू असताना नाही.

कधी थांबायचं

एफ५नंही उठत नाही आणि फ्लॉपीवरून उठल्यावर सी ड्राइव्ह दिसतो, तर 'सिस सी:' करून डॉसच्या मूळ फाइली पुन्हा घालता येतात. अट एकच: फ्लॉपीवरचा डॉस आणि डिस्कवरचा डॉस अगदी एकाच आवृत्तीचे हवेत. ६.० च्या मशीनवर ६.२२ ची फ्लॉपी चालवली तर जुन्या आज्ञा "इनकरेक्ट डॉस व्हर्जन" म्हणायला लागतात. आवृत्ती माहीत नसेल तर हे करू नका.

'एफडिस्क /एमबीआर' (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड नव्यानं लिहिणारी आज्ञा) करून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये व्हायरस किंवा मोठ्या डिस्कसाठीचा खास ड्रायव्हर बसलेला असला तर त्यानंतर डिस्क वाचताही येत नाही.

डिस्कवर डीबीएलस्पेस.००० नावाची एक प्रचंड लपलेली फाइल दिसली तर तिला स्पर्श करू नका. डबलस्पेस या डॉस ६ च्या प्रोग्रामनं जागा वाढवण्यासाठी आवळलेल्या मशीनमध्ये तुमची अख्खी सी ड्राइव्ह त्या एका फाइलीत असते. जागा होईल म्हणून ती पुसलेली मी दोनदा पाहिली आहे. त्यातल्या एका वेळी सात वर्षांचं खातं गेलं.

"डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह सी, अबॉर्ट, रिट्राय, फेल?" आलं किंवा डिस्कमधून टक-टक आवाज आला की मशीन तत्काळ बंद. स्कॅनडिस्कची तपासणी नाही, परत चालवून बघणं नाही. प्रत्येक वेळी चालू केलं की थोडा डेटा जातो. पॉवर सप्लाय तर उघडायचाच नाही, वायर काढली तरी आत विजेचा दाब राहतो.

माणूस बोलवाल तेव्हा डॉस येणारा बोलवा. आजकालचा मुलगा हुशार असतो, पण तो पहिल्यांदा फॉरमॅट विचारतो. डिस्कची जशीच्या तशी प्रत आधी घेणार का, हे विचारा. हो म्हणाला तरच मशीन हातात द्या. कॅबिनेटमध्ये चिकटवलेला कागद आणि सेटअपचे आकडे त्याला द्या. मराठी नोंदी पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्टमधून (भारतीय लिपींसाठीच्या जुन्या यंत्रणेतून) केलेल्या असतील तर तेही आधी सांगा. त्या इस्की या युनिकोडआधीच्या संकेतलिपीत साठवलेल्या असतात, नव्या कॉम्प्युटरवर कचऱ्यासारख्या दिसतात, आणि डेटा खराब झाला म्हणून कुणी त्या 'दुरुस्त' करायला बसलं तर खरंच खराब होतात.

डिस्क बदलायचीच झाली तर आता बरेच जण आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड लावतात, मीही लावतो. आवाज नाही, धूळ-कंपनाची भीती कमी. कार्ड मोठं घेऊन उपयोग नाही. डॉस ६.२२ डिस्कच्या एका भागाला (पार्टिशनला) २ जीबीच्या पुढे जात नाही, आणि जुन्या ४८६ चा बायोस तर ५०४ एमबीवरच अडतो.